फक्त प्रौढांसाठी

आमचे घरमालक शिवी देत नसत. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे त्यांच्यावर जो आळ आला तो शिवीगाळीचाच होता, आणि तो दूर करायचं काम त्यांनी विश्वासाने माझ्यावर सोपवलं होतं. अंबरनाथच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं तयार माल तपासणारा माणूस शिवी देत नाही म्हटल्यावर तिथे काम केलेल्यांना हसू येईल. मशीनच्या आवाजात शेजारच्याला हाक मारायची तरी आधी एक शिवी घालावी लागते, असं ते स्वतःच सांगायचे. त्यांची मजल मात्र "तुझं माप चुकलं" याच्यापुढे कधी गेली नाही. दारासमोर गाडी आडवी लावणारा, दुधात पाणी घालणारा, टीव्हीवर ओरडणारा पुढारी, सगळ्यांचं माप चुकलेलं असायचं. चिडले की कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या, पण वाक्य तेवढंच.

मी त्यांना काका म्हणायचे आणि त्यांच्याकडे वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते. नोकरी उल्हासनगरला, कॅम्प एकमध्ये, एका सिंधी शेठच्या दुकानात. चादरी आणि पडद्यांचे फोटो काढायचे आणि ते ऑनलाइन विकायला टाकायचे. उरलेल्या वेळात मी कॉम्प्युटरवर गेम खेळायचे, खेळताना बडबड करायचे आणि त्याचे व्हिडिओ माझ्या चॅनलवर टाकायचे. सत्तावीस वर्षांची एकटी बाई असलं काही करते म्हटल्यावर आधीच्या दोन घरमालकांनी हात जोडले होते. यांनी जोडले नाहीत. लावून दाखव म्हणाले. मी खेळून दाखवलं आणि ते पाठीमागे हात बांधून पाऊण तास उभे राहिले. पडद्यावर एक सैनिक कोसळला तेव्हा त्यांनी विचारलं, हा मेला त्याची नोंद कुठे होते. वर कोपऱ्यात आकडा येतो, मी म्हटलं. त्यांनी वाकून तो आकडा वाचला आणि खोली मला दिली.

जगातल्या सगळ्या वस्तू त्यांच्या लेखी तीन प्रकारच्या होत्या: ओके, रिवर्क आणि रिजेक्ट. कारखाना सुटला तरी ही सवय सुटली नाही. जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांच्या चिठ्ठ्या कापून, त्यांत सुतळी ओवून ठेवलेली असायची. गळक्या नळाला चिठ्ठी, हलणाऱ्या कठड्याला चिठ्ठी, आंबट निघालेल्या आंब्याच्या फांदीला चिठ्ठी. माझ्या दाराच्या कडीला एकदा 'रिवर्क: जिन्यावरून धावणे' अशी चिठ्ठी लटकत होती. माणसाला मात्र रिजेक्ट म्हणायचं नाही, हा त्यांचा नियम. त्यांचा मुलगा बदलापूरला राहायचा, प्यायचा, आणि वर्षातून दोन-तीनदा येऊन दारात तमाशा करायचा. तो गेला की काका अंगण झाडायला घ्यायचे आणि मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचे, "रिवर्क हाय अजून." बत्तीस वर्षांची तपासणी या एका ठिकाणी आंधळी झाली, असं मला तेव्हा वाटायचं.

कुठलाही छापील कागद ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. लाइटबिलाची मागची बाजू त्यांना पाठ होती. एखादं ॲप घेताना 'मी सहमत आहे'च्या आधी जो लांबलचक मजकूर येतो, तो त्यांनी दोन दिवस बसून वाचला होता, आणि त्यातल्या तीन मुद्द्यांशी आपण सहमत नाही म्हणून ते ॲप घेतलंच नव्हतं. ते ॲप व्हिडिओ बघायचं होतं. त्यामुळे काकांच्या फोनवर कधी व्हिडिओ दिसला नाही. मला त्यांच्या या वाचनाचा फार जाच व्हायचा. भाडेकरार नव्याने करायचा म्हणजे अख्खा रविवार गेला. सही करण्याआधी वाचावं गं पोरी, हे वाक्य त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं की पुढे पुढे मला ते ऐकूच येईना.

आणि 'फक्त'. हा शब्द त्यांच्या तोंडात सुपारीसारखा कायम असायचा. 'फक्त एक सांगतो' म्हणून सुरुवात करायची आणि तासभर सांगायचं. 'फक्त दोन घोट चहा' म्हणजे मोठा कप, काठोकाठ. गल्लीच्या गणपतीत त्यांच्या हातात माईक गेला की लोक बोटांवर 'फक्त' मोजायचे. त्यांची नात याच घरात बोलायला शिकली, आणि तिने आजोबांचं नावच 'फक्तआबा' ठेवलं. मी राहायला आले तोवर ती इथे नव्हती. नवऱ्याच्या पिण्याला कंटाळून सुनेने मुलीला घेऊन नाशिकला माहेर गाठलं होतं. काका सुनेच्या बाजूने होते. चूक आमच्या मुलाची आहे, असं त्यांनी व्याह्यांच्या घरी जाऊन सांगितलं होतं. तरी सुनेने हात जोडून एक विनंती केली होती, की फोन करू नका. आबांचा फोन झाला की पोर चार दिवस बाबाबद्दल विचारत राहते, धड जेवत नाही. काकांनी ते मान्य केलं आणि पाळलं. नातीच्या वाढदिवसाला सकाळपासून फोन हातात घेऊन बसायचे, पण लावायचे नाहीत. ते बघायला मला फार वाईट वाटायचं.

व्हिडिओची कल्पना त्यांचीच. जांभूळच्या पाणीकेंद्रातला पंप बंद पडून दोन दिवस पाणी आलं नव्हतं, म्हणून ते टाकी बघायला वर आले होते, आणि मी एक गावाचा गेम खेळत होते. डोंगरात घर बांधायचं, भात लावायचा, गुरं पाळायची, आणि लांडगे आले की कुऱ्हाडीने हाकलायचे. काका मूळचे चामटोलीचे, शेतकऱ्याच्या घरातले. गेममधल्या माणसाने कोरड्या जमिनीत भाताची काडी खोचली तसे ते खवळले. राब भाजला नाही, चिखल केला नाही आणि सरळ आवणी कशी काय, याचं माप चुकलंय, असं म्हणत खुर्ची ओढून बसले आणि पाणी विसरले. अर्ध्या तासाने त्यांनी विचारलं, हे तू टाकतेस ते कोण बघू शकतं? जगात कुणीही, मी म्हटलं. नाशिकला पण? नाशिकला पण, मी म्हटलं.

त्यांनी सुनेला मेसेज लिहिला. चार ओळींच्या त्या मेसेजला दोन दिवस लागले. तिचं उत्तर आलं: फोन नको. पण तिच्या टॅबमध्ये लहान मुलांचं ॲप आहे, बाकी काही मी ठेवलेलं नाही. त्यात आबा दिसले तर मी बंद करणार नाही. काकांनी तो मेसेज मला तीनदा वाचायला लावला. आपण वाचण्यात काही चूक तर करत नाही ना, याची त्यांना खात्री करून घ्यायची होती.

पहिला व्हिडिओ चढवताना साइटने तिचा नेहमीचा प्रश्न विचारला: हा व्हिडिओ मुलांसाठी आहे का? मी 'हो'वर बोट नेलं तसं त्यांनी माझं मनगट धरलं.

"मुलांसाठी नाय. मुलगा बघतोय कशाला? नातीसाठी हाय. खोटं लिहू नको."

मुलं म्हणजे इथे लहान मुलं, हे त्यांच्या गळी उतरवायला मला पंधरा मिनिटं लागली. त्यात मुली धरल्यात का, हेही त्यांनी विचारून घेतलं. मग त्यांना उरलेले सगळे रकाने वाचायचे होते. मला मैत्रिणीकडे जायचं होतं. हे सगळं चॅनल काढलं तेव्हाच भरलंय काका, आता काही वाचायचं नाही, असं म्हणून मी ते पान बंद केलं. ते बरं म्हणाले.

दर रविवारी पाणी भरून झालं की दहाच्या सुमाराला ते वर यायचे, इस्त्रीचा शर्ट घालून. फक्त आवाज जाणार आहे, चेहरा दिसत नाही, असं मी सांगून बघितलं. शर्ट चुरगळलेला असला की आवाजही चुरगळतो, असं त्यांचं म्हणणं पडलं. खेळायचे वाईट. भिंत एक वीट वाकडी लागली तरी सगळी पाडायचे, त्यामुळे घर कधी पुरं झालं नाही. पण बोलायचे असे, की मी हेडफोन काढून नुसती ऐकत बसायचे. जगासाठी ते बोलतच नव्हते, बोलायचे ते नातीशी. "फक्त एक बघ हं चिऊ, ही गाय पान्हवली की कशी उभी राहते." लांडगा आला की त्यालाही समजावायचे, फक्त एकदा सांगतो, परत जा. ऐकलं नाही की नाइलाजाने कुऱ्हाड.

तिसऱ्या व्हिडिओनंतर सुनेचा मेसेज आला. बघितला. 'फक्तआबा' म्हणून ओरडली. गाईचं नाव चांदी ठेवा म्हणते. काका तो मेसेज घेऊन जिना धावत चढले, हे मी त्यांना नंतर ऐकवलंही. त्या आठवड्यात दूधवाल्यापासून टपालवाल्यापर्यंत सगळ्यांना कळलं की काकांच्या गाईचं नाव चांदी आहे. ही गाय नक्की कुठे बांधलीय, ते कुणालाच कळलं नाही.

पाचव्या व्हिडिओला लाल खूण आली. मुलांसाठी म्हणून टाकलेल्या व्हिडिओत अश्लील भाषा आढळल्याने तो हटवला आहे. ही चॅनलला ताकीद समजावी. पुन्हा घडल्यास चॅनल बंद होऊ शकेल. मला वाटलं, लांडग्यांच्या रक्ताबद्दल काही असेल. पण रक्ताला, कुऱ्हाडीला कुणाचीच हरकत नव्हती. यंत्र ऐकून ऐकून आपोआप जो मजकूर लिहितं तो मी उघडला, आणि हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. यंत्र काकांचं बोलणं इंग्रजी समजून ऐकत होतं. बाकीच्या मराठीचा त्याने काला केला होता, पण 'फक्त' त्याला स्वच्छ ऐकू आला होता. इंग्रजीतली ती जगजाहीर शिवी, तीही भूतकाळी रूपात. बारा मिनिटांत एकतीस वेळा.

खाली जाऊन सांगितलं तेव्हा तेही हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. त्या शिवीचा अर्थ त्यांना ठाऊक होता. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग म्हणाले, "मी? नातीसमोर?"

दाद मागायची सोय होती, एकदाच. काकांनी फुलस्केपचे दोन कागद भरून अर्ज लिहिला. तो अजून माझ्याकडे आहे. महोदय, 'फक्त' हा शब्द बाहेरून आलेला असला तरी आमच्या भाषेत कैक पिढ्या प्रतिष्ठेने नांदत असून जुन्या दप्तरांत पानोपानी आढळतो. आजही चेक लिहिताना 'रुपये पाचशे फक्त' असं लिहावं लागतं. तरी आपण कोणताही चेक पाहावा. सदर चेक वटवताना बँक वय विचारत नाही. खाली सही, हुद्दा, आणि कंसात निवृत्त. अर्जाच्या चौकटीत जेमतेम चार ओळी मावत होत्या. मी इंग्रजीत चार ओळी लिहून पाठवल्या, हा मराठी शब्द आहे, वगैरे. चार मिनिटांत उत्तर आलं: काळजीपूर्वक तपासणी केली असून निर्णय कायम आहे.

"चार मिनिटांत त्यांनी चेक बघितला?" काकांनी विचारलं. त्यांना सगळ्यात जास्त लागलं ते हेच. त्यांच्या हातून आयुष्यात लाखभर नग गेले असतील, पण एकही नग हातात न घेता त्यांनी कुणाचा माल नापास केला नव्हता.

मग आम्ही उपाय करून बघितले. मी म्हटलं, प्रत्येक 'फक्त'वर टुंग असा आवाज टाकते. ते उसळले. टुंग ऐकलं की नातीला वाटेल आजोबा खरंच काहीतरी वाईट बोलले. बरोबरच होतं त्यांचं. मग 'फक्त'च्या जागी 'मात्र' म्हणून बघितलं. "मात्र एक बघ हं चिऊ," असं म्हणून ते थांबले, पुढचं वाक्यच सुचेना. अख्खा रविवार ते दर वाक्याच्या तोंडाशी अडखळत राहिले आणि शेवटी म्हणाले, हा मी नाय. ती ओळखणार नाय मला.

आता माझ्याबद्दल. माझं चॅनल काही मोठं नव्हतं, पण त्याच महिन्यात एका हेडफोनच्या कंपनीने माझ्याशी बोलणं सुरू केलं होतं. शेठच्या चादरींमधून सुटायची ती पहिली संधी होती. दुसरी ताकीद मला परवडणारी नव्हती. काकांसाठी वेगळं चॅनल काढता आलं असतं, अर्ध्या तासाचं काम. पुढच्या आठवड्यात करू म्हटलं. तोवरचा उपाय म्हणून मी पाचवा व्हिडिओ नव्याने चढवला, त्यांच्या व्हिडिओंवरची 'मुलांसाठी' ही खूण काढली, आधीच्या चारांवरचीसुद्धा, आणि थेट दुसऱ्या टोकाची लावली: फक्त प्रौढांसाठी. तिथे भाषेबद्दल कुणी विचारत नाही. ताकीद येत नाही. आणि लहान मुलांच्या ॲपमध्ये तो व्हिडिओ कुणी कितीही शोधला तरी सापडत नाही.

रविवारी काका वर आले. इस्त्रीचा शर्ट होताच.

"सुटला का गं माल?"

"सुटला," मी म्हटलं. "तुमचं म्हणणं पटलं त्यांना."

हे दुसरं वाक्य मी का बोलले, ते मला आजही सांगता येत नाही. नुसतं 'सुटला' पुरलं असतं. काकांचा चेहरा उजळला. म्हणजे कुणीतरी वाचलं, ते म्हणाले, उशिरा का होईना पण वाचलं. पुढचे कित्येक दिवस ते गल्लीत सांगत होते की परदेशातल्या एवढ्या मोठ्या कंपनीने मराठी अर्ज वाचून निर्णय फिरवला. त्यांनी आभाराचं पत्रही लिहून मला पाठवायला दिलं. मी पाठवते म्हटलं.

पुढचा आठवडा आला आणि गेला. हेडफोनच्या कंपनीचं काही जमलं नाही, पण तोवर माझ्या खोटेपणावर इतकी पुटं चढली होती की वेगळं चॅनल काढायचं म्हणजे आधी कबूल करणं आलं. काका मात्र दीड वर्षं येत राहिले, एक रविवार चुकवला नाही. चांदीला वासरू झालं तेव्हा त्यांनी नाव नातीवर सोपवलं. फक्त नाव तू सांग, तोवर मी याला वासरूच म्हणतो. पुढच्या रविवारी आल्या आल्या मला विचारलं, सुनेचं काही आलं का? मेसेज आला असता तर त्यांच्याच फोनवर आला असता, तरी त्यांनी मला विचारलं. सुनेला स्वतःहून विचारणं त्यांच्या शब्दात बसत नव्हतं. वासराला शिंगं फुटली तरी ते वासरूच राहिलं.

मग त्यांना वाटायला लागलं की दोष आपल्या मालात आहे. कंटाळवाणं होतंय का गं, असं ते विचारायचे. बाजारातून त्यांनी कोड्यांचं पुस्तक आणलं आणि दर रविवारी दोन कोडी घालायला लागले. मुलांना काय आवडतं हे कळावं म्हणून दुपारी शाळा सुटायच्या वेळेला फाटकाशी खुर्ची टाकून बसायचे. एकदा एक नवं गाणं पाठ करून आले आणि गाऊन झाल्यावर घाम पुसत मला म्हणाले, "बघत असेल ना?"

"बघत असेल की," मी म्हटलं.

एका रविवारी ते साध्या बनियनवर वर आले. मी कॉम्प्युटर लावायला लागले तर नको म्हणाले.

"बास आता. पोर नऊ वर्षांची झाली. तिला तिचं जग असेल. आपण बोलत राहायचं नि तिने सोसायचं, बरं दिसत नाय."

सांगायचं असेल तर हाच क्षण, हे मला तेव्हाच कळलं होतं. शब्द तोंडाशी आले होते. ते दाराच्या चौकटीला हात लावून उभे होते, जाण्याची घाई नव्हती त्यांना. मी म्हटलं, चहा टाकू का काका? फक्त दोन घोट, ते म्हणाले. आम्ही चहा प्यालो आणि ते खाली गेले.

पुढे माझं लग्न झालं आणि मी बदलापूरला आले. नवा कॉम्प्युटर घेतला तेव्हा चॅनलच्या सगळ्या जुन्या नोंदी पहिल्यांदाच सावकाश बघितल्या. त्यात एक रकाना होता: व्हिडिओची भाषा. तिथे इंग्रजी होतं. मीच भरलेलं, चॅनल काढलं त्या दिवशी. आपल्याकडे कुठलाही फॉर्म भरताना भाषा विचारली की बोट आपोआप इंग्रजीवर जातं, मग पुढे सगळा कारभार मराठीत का असेना. यंत्राला मीच सांगून ठेवलं होतं की हा माणूस इंग्रजी बोलतोय. ते पान बंद न करता मी पहिल्या रविवारी काकांना वाचू दिलं असतं, तर त्या रकान्याशी ते नक्की अडले असते. पोरी, आपण तर मराठी बोलणार, असं म्हणाले असते.

मी तो रकाना बदलला नाही. आता कशाला, म्हटलं. लग्नानंतर एकदा पेढे द्यायला गेले होते, तेव्हाही सांगायचं ठरवून गेले आणि न सांगता आले. मोठी सून शोभशील हो कुणाचीही, असं म्हणून त्यांनी माझ्या हातावर नारळ ठेवला. मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

दोन वर्षांनी त्यांच्या शेजारणीचा फोन आला. काका गेले. आठ दिवस हॉस्पिटलमध्ये होते, मला कळवायचं कुणाला सुचलं नाही. मी तेराव्याला गेले.

सून आली होती, मुलीला घेऊन. मुलगी अकरा वर्षांची, उंच, चष्मा लागलेली. काकांच्या पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. मी शेजारी बसले तशी तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, तुम्ही वरच्या गेमवाल्या ताई ना? मी हो म्हटलं. ती तक्रार करत नव्हती, मला माहिती द्यावी तसं म्हणाली, "आबांनी चारच केले ना. मग ते कंटाळले. आधीचे पण काढून टाकले."

मी तिला सगळं सांगितलं. यंत्र, इंग्रजी, ती शिवी, ताकीद, मी बदललेली खूण. काकांना दिलेली थाप. वासरू. तिची आई हातात ताटं घेऊन दारात उभी होती, ती तशीच उभी राहून ऐकत होती. मी थांबले तेव्हा मुलीने एवढंच विचारलं, "म्हणजे ते करत होते?"

"दीड वर्ष. दर रविवारी."

"मला दिसत नव्हते."

"मी दिसू दिले नव्हते."

मुलीने आईकडे बघितलं. आईने ताटं खाली ठेवली. मला वाटलं होतं हिच्या बाबाने घरात काहीतरी तमाशा करून आबांना बंद करायला लावलं, ती मला म्हणाली, म्हणून मी विचारलं नाही. मग म्हणाली, "ते ॲडमिट होते तेव्हा मी हिला म्हणत होते, चल, आबांना भेटून येऊ. आठ दिवस रोज म्हणत होते."

"मी नको म्हटलं," मुलगी म्हणाली. "मला वाटलं त्यांनाच मी नकोय." आणि तिचा चेहरा वेडावाकडा झाला.

मी तिचा हात धरायला गेले, तिने तो काढून घेतला. मी पर्समधून फोन काढला. ते सगळे आहेत अजून, मी म्हणत होते, एकही गेलेला नाही, मी आत्ताच्या आत्ता खूण बदलते, आत्ता लावून देते तुला.

"तुम्ही आता जा," तिची आई म्हणाली. आवाज चढवला नव्हता.

मी उठले. दाराशी चपलांचा ढीग होता, त्यातून माझ्या शोधून घातल्या, अंगण ओलांडलं आणि फाटकाबाहेर आले. तिथे आल्यावर माझ्या ध्यानात आलं की मी सगळं सविस्तर सांगितलं होतं, काहीही लपवलं नव्हतं, पण माफी मागितली नव्हती. ना आईची, ना मुलीची. मी वळून बघितलं. फाटक उघडंच होतं. मी परत गेले नाही.